पूर्वेचा झरा

आमच्या विहिरीचं पाणी बदललं, हे घरात सगळ्यांत आधी आईला कळलं. तुरीची डाळ शिजेना. चुलीवर तासभर रटरटूनही दाणा दाताखाली कचकचायचा आणि वरणाला वर पांढुरकी साय धरायची. आई पळीनं ती साय काढून टाकायची, थोडा जास्त गूळ घालायची आणि ताटं वाढायची. आप्पा जेवताना एकदाच म्हणाले, "पाणी जरा मचूळ लागायलंय का?" आई म्हणाली, "न्हाई बा." माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, विहिरीबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. आईला ते लग्नापासून ठाऊक होतं.

ते दिवसच असे होते की कशावर विश्वास ठेवावा कळत नव्हतं. भूकंपात आमच्या गावात कुणी दगावलं नाही. अहमदपूरपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. मातीच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, स्वयंपाकघरातली उतरंड कोसळली, महादेवाच्या देवळाचा कळस जरासा कलला, एवढंच. पण दक्षिणेकडच्या गावांच्या ज्या बातम्या येत होत्या, त्यांनी पायाखालच्या जमिनीचा भरवसाच उडाला. आम्ही परसात पत्र्याचं शेड टाकून राहत होतो. आई एका स्टीलच्या पेल्यावर दुसरा पेला उपडा ठेवायची. जमीन हलली तर तो वाजेल म्हणून. मांजर गेलं तरी वाजायचा आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून अंगणात धावायचो. शेजारणी एकमेकींना विचारायच्या, "तुला आत्ता काही जाणवलं का?" आणि जिला जाणवलं नव्हतं, तीही म्हणायची, "हाव, जराशीक." आज मी पन्नाशीला टेकले आहे, पण जड ट्रक रस्त्यानं गेला की अजूनही माझी नजर आधी पाण्याच्या ग्लासाकडे जाते.

आप्पांना मात्र त्या भूकंपानं काहीतरी दिलं होतं, निदान त्यांची तशी समजूत होती. विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला, बांधकाम संपून मुरूम लागतो तिथे, एक झरा फुटला होता. हाताच्या मनगटाएवढी ओल आधी दिसली, मग तिथून पाणी पाझरायला लागलं, मग चक्क धार. आप्पा पाहुण्यांना विहिरीच्या काठावर नेऊन तो झरा दाखवायचे. तिकडे इतक्या लोकांची घरं गेलेली असताना आपल्याला पाणी मिळालं, याची त्यांना थोडी लाजही वाटायची. म्हणून दाखवताना आवाज खाली आणायचे. "जमीन हलली, अन् आतली वाट मोकळी झाली," असं म्हणायचे. त्या झऱ्याच्या जोरावरच त्यांनी विहिरीच्या पूर्वेला, चढाच्या रानात, होता त्याच्या दुप्पट ऊस केला. खरं म्हणजे तिथला पहिला ऊस झरा दिसायच्या महिनाभर आधीच लावलेला होता. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असं तेव्हा घरात कुणाच्या मनात आलं नाही.

ते रान मला फार आवडायचं. वर हात-दीड हात काळी माती आणि खाली पिवळा मुरूम. आप्पांचं पाणी देणं म्हणजे मोकाट पाणी. मोटर चालू केली की दांडातून पाणी सुटायचं, सरीत शिरायचं, आणि सरी काठोकाठ भरून दुसऱ्या टोकाला डबकं साचेपर्यंत आप्पा दारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे नाहीत. उसाला पाणी कमी पडलं असं कुणी म्हणता कामा नये. पाण्याची पाळी द्यायच्या आधी ते टोपल्यात युरिया घेऊन सरीसरीनं मुठीमुठीनं फेकत जायचे. उसाच्या पात्यांवर ते पांढरे दाणे पडल्याचा बारीक, कोरडा आवाज यायचा. मग पाणी. तापलेल्या काळ्या मातीला भेगा पडलेल्या असायच्या, आणि त्या भेगांत पाणी शिरताना गटगट आवाज करायचं. लहानपणी, तिथे ऊस यायच्या आधीच्या पिकांना पाणी देतानाही, मला वाटायचं, जमीन पाणी पिते आहे. मी त्या भेगेला कान लावायची.

आमच्या मोटरीचं काम महेबूबचाचा करायचे. गावात वेशीपाशी त्यांचं लहानसं दुकान होतं. मोटरी, पंखे, पिठाच्या गिरणीचे पट्टे, काहीही दुरुस्त करायचे. विहिरीत दोर लावून उतरणं, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह काढणं, पाण्यात बुडी मारून गाळ चाचपणं हे सगळं ते करायचे. आमच्याकडे आले की आई त्यांना दह्याबरोबर धपाटे द्यायची आणि ते म्हणायचे, "वहिनी, या धपाट्यासाठी मोटर मीच बिघडवतो का काय, असा लोकांना शक यायला लागलाय." त्या वर्षी त्यांचं आणि आप्पांचं बिनसलं. चाचा विहिरीतून वर आले, अंग पुसलं आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "आप्पा, एक सांगू? मोटर दुप्पट चालून राहिली, पण विहिरीचं पाणी काही वाढंना. मला वाटतं तुमी तेच पाणी वर नेऊन राहिले अन् तेच खाली येऊन राहिलं."

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"म्हंजे तो झरा न्हाई. तुमच्याच उसाचं पाणी हाय."

आप्पांचा चेहरा मी पाहिला. कुणीतरी घरातलं सोनं पितळ आहे म्हणावं तसा. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "महेबूब, तू मोटर बघत जा. रान मी बघतो." आणि त्यानंतर मोटर बिघडली तेव्हा त्यांनी अहमदपूरहून दुसरा मिस्त्री आणला. चाचांना आमच्या रानात यायची गरज नाही, असा निरोपही पाठवला.

मी तेव्हा लातूरला शिकत होते, सुट्टीला तेवढी घरी यायचे. अकरावी संपली होती आणि बारावीचा सगळा अभ्यासक्रम उन्हाळ्यातच उरकून टाकायचा, असा तिथला शिरस्ता होता. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. एका खोलीत आम्ही चार मुली. प्रत्येकीची पेटी कुलूपबंद, आणि पेटीत कपडे नव्हे तर नोट्स. एक उठून बाहेर गेली की दुसरी तिच्या वहीकडे तिरकं पाहायची. चाचणीत पहिली आलेली मुलगी रात्री कोणतं पुस्तक उशाखाली ठेवते, याच्या चौकशा चालायच्या. माझ्या वहीतलं एक पान एकदा नाहीसं झालं तेव्हा मी तिघींपैकी कुणाशीच आठवडाभर नीट बोलले नाही. ते पान नंतर माझ्याच भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलं. मी ते तिथून काढलं आणि गप्प बसले. कुणावर संशय घेतल्याचं कबूल करण्यापेक्षा संशय तसाच ठेवणं सोपं जातं, हे मी त्या खोलीत शिकले. ते शिकायला नको होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. गोरीपान, काळ्याभोर जावळाची. महिनाभरातच अक्काचं दूध आटलं आणि डब्याचं दूध सुरू झालं. आईला पाण्याची शंका होतीच, म्हणून बाळाच्या दुधाचं पाणी ती चांगलं उकळायची. नुसती उकळी नव्हे. पातेलं निम्मं होईपर्यंत आटवायची. "जंतू मरून जातेत," म्हणायची. तिच्या हातून यापेक्षा जास्त काळजी घेतली गेली नसती. मी सुट्टीला घरी आले तेव्हा बाळाचे ओठ मला जरा काळपट वाटले. नखंही. अक्का म्हणाली, काजळ लागलं असेल. शेजारची म्हातारी म्हणाली, नजर लागली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

त्याच सुट्टीतली गोष्ट. दुपारी मी आप्पांचा डबा घेऊन रानात निघाले होते. ते उसाच्या पलीकडच्या टोकाला होते. विहिरीपाशी आले तर काठावर महेबूबचाचा उभे. इकडेतिकडे पाहिलं त्यांनी, पिशवीतून कागदाची मोठी पुडी काढली, उलगडली आणि आतली पांढरी पूड विहिरीत झटकली. कागद चुरगाळून पुन्हा पिशवीत घातला. मी कडुलिंबाच्या आड होते. त्यांनी मला पाहिलं नाही. ते बांधाबांधानं गावाकडे निघून गेले. मी विहिरीपर्यंत गेले, वाकून पाहिलं. पाण्यावर पांढरट ढग हळूहळू खाली जात होता. एक वास आला, नाकात झोंबणारा. लातूरला आमच्या इमारतीची टाकी धुतली की येतो तसा. मग वारा फिरला आणि वास गेला. मी डबा देऊन आले, आप्पांना काही बोलले नाही. का बोलले नाही? काहीतरी पाहिल्याची गोष्ट आपल्यापाशीच आहे, याची गंमत वाटली असावी. मी स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ निळं पडलं. ओठ, हातपाय, कानाच्या पाळ्या, सगळं. रडायचंही त्राण नव्हतं. शेजारच्यांची जीप काढली आणि आप्पा, अक्का नि मी अहमदपूरला, आणि तिथून "हृदयाचं काही असेल, नांदेडला न्या," म्हटल्यावर लोह्याच्या रस्त्यानं नांदेडला. आई घर आणि जनावरं सांभाळायला मागे राहिली. जीपमध्ये अक्का बाळाच्या नाकाशी सारखा हात धरून बसली होती. खड्डा आला की ती "आहे," असं पुटपुटायची. श्वास आहे, म्हणजे.

नांदेडच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "हृदय चांगलं आहे." मग बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब काढून पांढऱ्या टिपकागदावर घेतला आणि तो कागद पंख्याखाली धरून आम्हाला दाखवला. "बघा. रक्ताला हवा लागली की ते लाल होतं. हे होत नाहीये." तो डाग चॉकलेटी होता, चहाच्या गाळासारखा. बाईंनी विचारलं, "बाळाला वरचं दूध देता? पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं," आप्पा म्हणाले.

"शेतातली विहीर? खतं घालता?" बाई सलाईनची बाटली तपासत बोलत होत्या. "त्या पाण्यात नायट्रेट असणार. खताचं असतं ते. मोठ्यांना चालून जातं, एवढ्याशा जिवाला नाही. उकळल्यानं ते जात नाही, उलट दाट होतं. घरी गेल्यावर पाणी तपासून घ्या." मग त्यांनी एक गडद निळं औषध सुईत भरलं. अक्का घाबरली, "आधीच लेकरू निळं पडलंय, बाई!" बाई हसल्या नाहीत. "याच निळ्यानं ते लाल होईल," एवढंच म्हणाल्या. आणि खरोखर, तासाभरात ओठांचा रंग परतायला लागला. बाळ रडलं. इतकं जोरात रडलं, की पलीकडच्या खाटेवरची बाई आपलं दुखणं विसरून उठून पाहायला आली.

आप्पा व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी जवळ गेले तर स्वतःशीच बोलत होते. "खत. विहिरीत खत. खत विहिरीत जाईल कसं? कुणी टाकल्याबिगर?"

आणि मी म्हणाले, "आप्पा, मी बघितलंय. महेबूबचाचांनी विहिरीत पांढरी पूड टाकली. काल."

युरिया पांढरा असतो. यापुढे कुणाला काही जुळवायची गरजच उरली नाही.

बाळाला घेऊन आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी चाचांना बोलावणं पाठवलं. अंगणात गल्लीतले पाच-सहा जण जमले होते. चाचा आले, चपला बाहेर काढल्या आणि आधी विचारलं, "लेकरू कसं हाय?" आप्पांच्या हातात बैल हाकायची काठी होती. मारायला घेतली नव्हती. पण त्यांनी ती खालीही ठेवली नाही.

"विहिरीत काय टाकलंस?"

चाचा थबकले. "टीसीएल, आप्पा. पाणी साफ करायची पावडर. ग्रामपंचायतीतून आणली."

"तुला कुणी सांगितलं?"

चाचांनी मान खाली घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून. चाचा म्हणाले, "कुणी न्हाई. माझ्याच मनानं."

"माझ्या विहिरीत तुझं मन कशाला? मी तुला रानात पाय ठेवू नको म्हणलो होतो."

जमलेल्यांतले काही जण मग जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही. मोटरीबद्दल नव्हतं ते, पाण्याबद्दलही नव्हतं. चाचांच्या बापजाद्यांपासून गावात चाललेल्या एकत्र जगण्याबद्दल होतं. चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्याकडे वळले. "बेटी, तूच बघितलं म्हणतेत. तुला वास आला न्हाई का? टीसीएलचा वास लपत न्हाई. तू कॉलेजात शिकतीस. तूच सांग."

मला वास आला होता. तो नाकात अजून होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आप्पाही. आणि एकदा सांगून बसलेली गोष्ट मागे घेण्याची हिंमत माझ्यात नव्हती. "न्हाई," मी म्हणाले. "मला न्हाई आला."

चाचा अंगणाबाहेर पडले. चपला घातल्या आणि गेले. आठ दिवसांत त्यांनी दुकान बंद केलं, सामान एका टेम्पोत भरलं आणि नांदेडला मुलीकडे निघून गेले. आप्पांनी विहीर पूर्ण उपसून घेतली. तळ दिसला, गाळ काढला. "आता पाणी शुद्ध झालं," म्हणाले. बाळाला मात्र अक्का गावातल्या हातपंपाचंच पाणी वापरत होती. आईनंच तसं बजावलं होतं.

लातूरला परत गेल्यावर प्रयोगशाळेत एक दिवस नायट्रेटची चाचणी आली. द्रावणात फेरस सल्फेट घालायचं, मग नळी तिरकी धरून कडेनं थेंब थेंब तीव्र आम्ल सोडायचं. दोन्ही जिथे भेटतात तिथे तपकिरी कडं उमटतं. आमचे सर, शिडशिडीत, खडूनं बोटं पांढरी झालेले, दर वर्षी ही चाचणी शेकडो मुलांकडून करून घ्यायचे. माझ्या नळीतलं ते कडं पाहून मला टिपकागदावरचा डाग आठवला. तास संपल्यावर मी थांबले आणि सरांना सगळं सांगितलं. वासाचं सोडून.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "पुडी केवढी होती?"

मी हातानं दाखवली.

"आणि विहीर केवढी आहे?" मी तेही सांगितलं, तसे ते म्हणाले, "अगं, एवढ्या पाण्यात तेवढा युरिया टाकला तर माशालाही कळणार नाही. शिवाय युरिया म्हणजे लगेच नायट्रेट नव्हे. ते मातीत काही दिवस राहिल्यावर होतं. तू विहिरीचं पाणी आण, आटवून आण म्हणजे कडं नीट दिसेल. हातपंपाचंही आण. आणि उसातली माती आण. वरची, हातभर खालची, आणि मुरमातली. वेगवेगळी बांधून."

पुढच्या सुट्टीला मी पहार आणि खोरं घेऊन उसात गेले. आप्पांना सांगितलं, कॉलेजात मातीचा प्रकल्प आहे. ते बांधावर उभं राहून मी खणताना पाहत राहिले. पण मी पुड्या बांधून पिशवीत ठेवल्या तेव्हा त्यांनी त्या पिशवीकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या संशयाच्या नजरेनं त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

हातपंपाच्या पाण्यात कडं आलंच नाही. विहीर उपसून पुन्हा भरलेल्या त्या "शुद्ध" पाण्यात आलं, स्पष्ट. माती पाण्यात ढवळून, गाळून, आटवून घेतली. वरच्या मातीत अगदी पुसट. हातभर खालच्या मातीत त्याहून गडद. आणि मुरमाच्या नळीत आम्ल सोडलं तर एवढं जाड कडं धरलं, की शेजारच्या टेबलावरची मुलं पाहायला आली. सर म्हणाले, "दिसलं? माती नायट्रेट धरून ठेवत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. पिकाला हवं त्यापेक्षा जास्त पाणी दिलंस, की खत मुळांच्या हातून सुटून खाली जातं. भेगा असल्या तर आणखी लवकर. खाली मुरूम, मुरमातून विहीर. तिथून मोटरीनं पुन्हा वर. प्रत्येक फेरीत थोडं जास्त." ते फळा पुसायला वळले. "तुझ्या वडिलांनी आपल्या हातानं घातलंय ते. चांगल्या मनानं."

घरी गेले तेव्हा आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "आई, चाचांनी काही केलं नव्हतं."

तिनं देठ मोडले, पानं टोपलीत टाकली. "मला ठाऊक होतं गं."

"म्हणजे?"

"ती पावडर मीच आणायला सांगितली होती त्याला. लेकराचे ओठ काळे दिसायले होते, मला पाण्याचा शक होता. तुझ्या आप्पाला म्हणले असते तर विहिरीला नावं ठेवली म्हणून आकाशपाताळ केलं असतं. म्हणून चोरून सांगितलं. कुणी बघंना असं टाक म्हणले."

"मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

आईनं मान वर केली. "त्यानं माझं नाव घ्यावं म्हणून मी दारात उभी राहिले होते. त्यानं घेतलं असतं तर मी हाव म्हणले असते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. न्हाई बघितलं, म्हणून मला तोंडच उघडता आलं न्हाई." मग हळूच म्हणाली, "अन् तुला वास आला न्हाई?"

मी अंबाडीची एक जुडी पुढ्यात ओढली. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती भाजी निवडत राहिली, मीही निवडायला लागले. पुढे कित्येक वर्षं आई काही बोलली नाही, की मला वाटायचं, हिला आणखी काय काय ठाऊक आहे. तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटत असावं.

त्या संध्याकाळी आईनं आप्पांना वाढता वाढता सगळं सांगितलं. आप्पांनी घास तोंडात धरला आणि मग गिळला. मी वही आणून कड्यांची चित्रं दाखवली. ते म्हणाले, "नळीत रंग दिसला म्हणून माझा झरा खोटा?" आणि हात धुऊन उठले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटर लावली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मोटर जळली. मोटर जळली नव्हती, मला माहीत होतं. स्टार्टरचा फ्यूज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. वैशाखाचं ऊन, उसाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायला लागली. आप्पा रोज सकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे आणि पूर्वेच्या अंगाकडे पाहत राहायचे. मोटर बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी धार बारीक झाली. तिसऱ्या दिवशी नुसतं ठिबकणं. चौथ्या दिवशी तिथे मुरमावर पांढरी खार उमटली होती आणि तिच्यावर मुंग्या फिरत होत्या. मी मागे उभी होते. आप्पा म्हणाले, "वंदना, कपडे बदल. नांदेडला जायचंय. तुझ्या आईला बी सांग."

नांदेड शहराबाहेरच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात चाचा तांब्याची तार गुंडाळत बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि त्यांचा पहिला प्रश्न तोच होता. "लेकरू कसं हाय?"

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "महेबूब, झरा आटला."

"मोटर बंद ठेवली काय?"

"चार दिवस."

"मग आटणारच की," चाचा म्हणाले.

आई पुढे झाली. दुकानात कामगार होते, रस्त्यावर माणसं होती. एवढ्या लोकांत ती परक्या ठिकाणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. "मी बोलायला पायजे होतं, भाऊ. मी बोलले न्हाई."

"जाऊ द्या, वहिनी." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. चहा मागवला. आप्पा म्हणाले, "चुकलं माझं. गावाकडं चल." चाचांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि बशीतला चहा संपेपर्यंत मी ते बोलले नाही. निघताना म्हणाले, "चाचा, मला वास आला होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "ठाऊक हाय मला," म्हणाले. "तू बोलताना नाकाला हात लावला होता."

पावसाळा उलटल्यावर चाचा गावात आले. दुकान पुन्हा उघडलं, पण सामान पूर्वीच्या निम्म्यानंच लावलं. आप्पांनी चढाचा अर्धा ऊस मोडून तिथे हरभरा केला. उरलेल्याला एक सरी सोडून एक असं पाणी द्यायला लागले आणि युरियाही थोडा थोडा, पाणी देऊन झाल्यावर, ओल धरलेल्या मातीत. डाळ हळूहळू शिजायला लागली. पण त्यालाही दोन वर्षं गेली. मुरमात उतरलेलं खत आणि क्षार लवकर निघत नाहीत. मी पुढे आयुष्यभर रसायनशास्त्रच शिकवलं, आणि दर वर्षी ते कडं उमटताना पाहिलं.

चाचा परत आल्यानंतर पहिल्यांदा आमच्या विहिरीवर आले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मोटरीचा फूटव्हॉल्व्ह अडकला होता. आप्पा होते, मी होते. चाचांनी दोर कमरेला बांधला, आणि उतरायच्या आधी थांबले. सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढून उलटे केले. विजारीचेही केले. पिशवी उपडी करून पाने, पकड, सुतळीची गुंडी दगडावर ओळीनं मांडली. मग दोन्ही तळवे आमच्यापुढे धरले.

"हे कामून करून राहिला, महेबूब?" आप्पांनी विचारलं. "कुणी मागितलं तुला?"

"कुणी न्हाई, आप्पा. माझ्याच मनानं," चाचा म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "आता मला असंच बरं वाटतं. बघून घ्या अन् मग उतरतो. बेटी, तू बी बघ."

आप्पांनी तोंड फिरवलं आणि उसाकडे पाहत उभे राहिले. मीही तसंच करायला हवं होतं. पण माझी नजर त्या उलट्या खिशांवर गेली, एकेक करून चारही पाहून आली, आणि मग मला समजलं की चाचा माझ्याचकडे पाहत होते. ते दोर धरून विहिरीत उतरले. त्यानंतर ते जितकी वर्षं जगले, तितकी वर्षं आमच्या विहिरीवर आले की आधी खिसे उलटे करायचे.